परतीचं पाकीट

माझ्या कपाटाच्या खणात एक पाकीट आठ वर्षं पडून होतं. त्यावर सरांच्या घरचा पत्ता, त्यांच्याच हातचा, निळ्या शाईतला. कोपऱ्यात पोस्टाचं तिकीट, किंचित तिरकं चिकटवलेलं. आत घडी घातलेला पिवळसर कागद आणि त्यावर चार प्रश्न. उत्तरं लिहायची, पाकीट बंद करायचं आणि पेटीत टाकायचं, एवढंच माझं काम होतं. एवढं मला आठ वर्षांत जमलं नाही.

या आठ वर्षांत मी तीन घरं बदलली. दर वेळी सामान बांधताना ते पाकीट हाती यायचं, मी त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा कागदपत्रांच्या पिशवीत सरकवायची. उत्तर द्यायची हिंमत नव्हती आणि फेकून द्यायचीही नव्हती. सरांच्या नोंदवहीत नकार देणाऱ्यांचा रकाना वेगळा होता आणि ज्यांची वाट बघायची त्यांचा वेगळा. मी कुठल्या रकान्यात असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला नकारात टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सर म्हणजे आमच्या ऑफिसातल्या टपाल विभागाचे प्रमुख. ऑफिस गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, बियाण्यांच्या एका दुकानावर होतं. लहानशीच संशोधन संस्था. लोकांना प्रश्नावल्या द्यायच्या, उत्तरं गोळा करायची आणि अहवाल लिहायचे. बाकीचे लोक फोन करायचे, घरोघरी माणसं धाडायचे, पुढे पुढे मोबाईलवर लिंक पाठवायला लागले. सर मात्र पोस्टानंच प्रश्नावली पाठवायचे. विभागात माणसं तीन: सर, मी आणि मामा. मामा म्हणजे आमचे शिपाई. लोणी काळभोरहून रोज एसटीनं यायचे आणि येताना पोस्टातून आमचा गठ्ठा घेऊन यायचे.

पहिल्याच दिवशी सरांनी मला पाकिटांवर तिकिटं लावायला बसवलं. मी पट्टी घेऊन, कोपऱ्यापासून अंतर मोजून शंभरेक तिकिटं लावली. आपलं कौतुक होणार अशी माझी खात्री होती. सरांनी एक पाकीट उचललं, चष्मा वर करून पाहिलं.

"सुरेख," ते म्हणाले. "आता काढा."

"का सर?"

"इतकं सरळ तिकीट एकतर यंत्र लावतं, नाहीतर सरकार. दोघांनाही कुणी मनापासून उत्तर देत नाही."

मी त्या दिवशी शंभर तिकिटं ओल्या स्पंजानं सोडवून पुन्हा वाकडी लावली. मनातल्या मनात सरांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

हळूहळू कळलं की हा माणूस गेली तीस वर्षं एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. अनोळखी माणूस पत्राला उत्तर कधी देतो आणि कधी देत नाही, एवढंच. त्याबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. पत्ता हातानं लिहायचा. सही निळ्या शाईत करायची आणि ओली असतानाच तिच्यावरून बोट फिरवायचं, म्हणजे थोडी फरपटते आणि ही छापलेली नाही हे वाचणाऱ्याला कळतं. पाचशे पत्रं असली तर पाचशे वेळा. संध्याकाळी सरांची तर्जनी निळी झालेली असायची आणि त्याच बोटानं ते चहात बिस्कीट बुडवायचे. प्रश्नावली एका कागदाच्या दोन बाजूंपेक्षा मोठी करायची नाही. परतीचं पाकीट तिकीट लावूनच द्यायचं. पहिला प्रश्न असा घालायचा की त्याचं उत्तर द्यायला माणसाला बरं वाटेल. वय, शिक्षण, उत्पन्न असल्या चौकशा सगळ्यात शेवटी. "दारात पाऊल ठेवताच पगार विचारणारा पाहुणा आपल्याला आवडतो का?" असं ते विचारायचे. आमचे संचालक नेमकं तेच करणारे होते, त्यामुळे मला हसू आवरायचं नाही.

दर पाकिटात ते मेथीच्या बियांची चिमूटभर पुडी घालायचे. बी खालच्याच दुकानातलं. पुडीवर लिहिलेलं असायचं, 'कुंडीत पेरा. आठवड्यात उगवते.' मी एकदा सुचवलं की उत्तर आल्यावर भेट पाठवू, म्हणजे लोक आशेनं तरी भरतील.

"आशेनं नको," सर म्हणाले. "भरून पाठवलंत तर देऊ म्हटलं की तो माणूस घासाघीस करायला लागतो. आधीच हातात ठेवलं की त्यालाच चुकल्यासारखं होतं."

मार्केट यार्डात मिरच्यांची गाडी रिकामी होत असली की आमचं सगळं ऑफिस शिंकत असे. म्हणून प्रश्नावल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत बंद असायच्या. पाकीट उघडल्यावर जो शिंकतो तो उत्तर देत नाही, असं सरांचं ठाम मत होतं. याला आधार काय, असं मी विचारलं नाही.

आणि वार. पत्रं टाकायची ती सोमवारी, म्हणजे बुधवारपर्यंत पोचतात. गणपतीत, दिवाळीत, परीक्षांच्या निकालांच्या दिवसांत काहीही पाठवायचं नाही. शनिवारी तर मुळीच नाही. एकदा शनिवारी दुपारी काम संपलं आणि मी म्हटलं, जाता जाता टाकून जाते. सर खुर्चीतून उठून दारात आडवे उभे राहिले.

"शनिवारी टाकलेलं पत्र रविवारभर पेटीत पडून राहतं. शिळं होतं."

"ते उघडणाऱ्याला कसं कळणार सर?"

"आपल्याला कळतं ना?"

ती पत्रं सोमवारी गेली.

सगळ्यात विचित्र सवय म्हणजे, आलेलं उत्तर सर बसून उघडत नसत. सकाळी अकराला मामा गठ्ठा घेऊन दारात आले की सर उठून उभे राहायचे. मामा गठ्ठा टेबलावर ठेवायचे आणि संख्या सांगायचे, "आज बारा हायत सायेब," नाहीतर "आज सातच." सर उभ्यानंच एकेक पाकीट कात्रीनं कापायचे, उभ्यानंच वाचायचे. मी एकदा खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "घरात कुणी आलं तर आपण बसून राहतो का?" मग मीही उभी राहायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आमच्या खोलीत रोज अकरा वाजता शोकसभा भरते.

सरांना ही सवय त्यांच्या वडिलांकडून आली असावी. वडील कारखान्यात कामाला होते आणि दापोडीच्या त्यांच्या वस्तीत वाचता-लिहिता येणारे तेवढेच. संध्याकाळी शेजारपाजारची माणसं त्यांच्याकडून पत्रं लिहून न्यायची. "लिहून झालं की लोक जायचे," सरांनी एकदा सांगितलं, "पण दुसऱ्या दिवसापासून रोज येऊन विचारायचे, आलं का? अहो, पत्र अजून पुण्याच्या बाहेर पडलेलं नसायचं. वडील म्हणायचे, येईल. मी लहान होतो, मला वाटायचं उत्तर आणणं हे वडिलांचंच काम आहे आणि ते नीट करत नाहीत." हे सांगताना ते हसले. सरांना मूलबाळ नव्हतं, पत्नी मी लागण्याच्या आधीच गेलेल्या. घरचा विषय निघालाच तर एवढाच निघायचा.

प्रश्नावलीच्या शेवटी ते नेहमी सहा ओळी कोऱ्या सोडायचे. वर लिहिलेलं असायचं, 'आणखी काही सांगायचं असल्यास'. अहवालात त्या ओळींचा काहीच उपयोग नसायचा. संचालक दर वेळी म्हणायचे की कागद फुकट जातो. पण सर आधी त्या ओळी वाचायचे आणि मग बाकीचा कागद.

मांजरी गावच्या एका बाईंनी त्या ओळींत लिहिलं होतं, 'माज्या नावानं पाकीट पयल्यांदाच आलं. हे सुनेनं लिवून दिलंय. अजून फारम असला तर धाडा.' मामांनी ते दोनदा वाचून घेतलं. सर दिवसभर अस्वस्थ. एका घराला दोनदा प्रश्नावली पाठवली तर हिशेब बिघडतो, आणि विचारण्यासारखं तर आता काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी एक कोरा कागद घेतला, वर फक्त 'आणखी काही सांगायचं असल्यास' एवढं लिहिलं, सोबत तिकीट लावलेलं पाकीट आणि मेथी. त्या बाई वर्ष-दीड वर्ष उत्तरं पाठवत राहिल्या. ऊस तुटला, सून बाळंत झाली, विहीर बुजवली. नोंदवहीत त्यांना वेगळं पान होतं. मग एक दिवस आमचंच पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, 'पत्ता सोडून गेले'. मळ्याच्या जागी सोसायटी होणार होती. मी म्हटलं, सर, मांजरी काय लांब आहे, मी स्कूटरवरून जाऊन शोधून येते.

"नको," सर म्हणाले. "पत्र पाठवणं वेगळं. शोधत जाणं ही पाळत झाली."

ते परत आलेलं पाकीट त्यांनी त्याच पानात ठेवून दिलं.

उत्तर न देणाऱ्यांविषयी सर कधी वाकडं बोलले नाहीत. दहा दिवसांनी त्यांना एक पोस्टकार्ड जायचं: 'आपण उत्तर पाठवले असल्यास आभार. नसल्यास अजून वेळ गेलेली नाही.' पुढं तीन आठवड्यांनी सगळा संच नव्यानं, पत्र, प्रश्नावली, पाकीट, मेथी. त्यानंतर काही नाही. तिथं माणूस राहतो, त्याला किती वेळा दार उघडायला लावायचं, असं ते म्हणायचे. पण त्यांना एक प्रश्न मात्र आयुष्यभर सुटला नव्हता. जे उत्तर देत नाहीत ते का देत नाहीत, हे कळायचं कसं? "विचारायचं म्हटलं तर पुन्हा पत्रच पाठवावं लागणार," ते म्हणायचे, "आणि त्याला उत्तर देणारा आपल्या कामाचा नाही."

आता माझ्याबद्दल.

मी लागले त्याला तीन वर्षं झाली तेव्हा संचालकांनी सांगून टाकलं की पोस्टाचे लाड आता पुरे. महापालिकेत आलेल्या गावांतल्या घरांचं एक सर्वेक्षण हाती होतं, पाणी, रस्ता, राहण्याची जागा असले प्रश्न. त्यात मुदतीत निम्म्याहून जास्त उत्तरं आली तर विभाग चालू राहील. नाहीतर सगळं फोनवर. सर एवढंच म्हणाले, "बघू."

उत्तरं येईनात. नियम सगळे पाळले होते. पण गावं बदलली होती, पत्ते बदलले होते, लोकांना पाकीट दिसलं की बँकेची नोटीस वाटायची. मामांचा गठ्ठा रोज बारीक होत गेला. चार, तीन, दोन. आणि एका गुरुवारी अकरा वाजता मामा मोकळ्या हातांनी दारात आले. "आज काय बी न्हाई सायेब," म्हणाले. सर तरीही उठून उभे राहिलेले होते. मोकळ्या टेबलापाशी तसेच उभे राहिले, मग कात्री खणात ठेवली आणि बसले.

शेवटचे संच पाठवायचं काम माझ्याकडे होतं. त्यातले साठेक मी पाठवलेच नाहीत. पिशवीत भरून घरी नेले आणि रविवारी दुपारी दार लावून स्वतःच उत्तरं भरत बसले. वेगवेगळी पेनं घेतली. काही डाव्या हातानं भरले. कुणाला पाणी एक वेळ येतं, कुणाला दोन वेळ, कुणी समाधानी, कुणी नाही, असं बेतशीर वाटप केलं. हुशारी इतकी की पाकिटं कॅम्पातून, हडपसरहून, स्वारगेटहून अशी वेगवेगळ्या पेट्यांत टाकली. आणि हो, सोमवारी टाकली.

बुधवारी मामा गठ्ठा छातीशी धरून आले. "सायेब, आज मोजायला येळ लागंल!" सर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आणि मला वाटलं, केलं ते बरोबर केलं.

अर्ध्या तासानं त्यांनी मला हाक मारली. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक मी भरलेली प्रश्नावली. दुसरं त्याच गठ्ठ्यातून आलेलं साधं पोस्टकार्ड, आमच्या पहिल्या स्मरणपत्राला आलेलं. एका मुलानं कळवलं होतं की वडील गेल्या महिन्यात वारले, तरी कृपया त्यांच्या नावानं पत्र पाठवू नये.

"हे गृहस्थ गेले," सर म्हणाले. "पण पाणी दोन्ही वेळ येतं म्हणतात. आणि घराबाबत पूर्ण समाधानी आहेत." त्यांनी चष्मा काढला. "ते असतीलही म्हणा."

मग त्यांनी बाकीचे कागदही एकेक करून बाजूला काढले. एकही चुकला नाही. कसं ओळखलंत, असं मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं, शिकवताना सांगायचे त्याच आवाजात. "सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. खरा माणूस मधेच कंटाळतो. एखादा प्रश्न सोडतो, काहीतरी खोडतो, कागदावर चहा सांडतो. आणि या साठात शेवटच्या ओळींवर कुणालाच काही सांगायचं नाही."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी गठ्ठ्याला दोरा बांधला आणि फक्त एक विचारलं.

"म्हणजे या माणसांना शेवटचं पत्र गेलंच नाही?"

"नाही सर."

त्यानंतरचे दोन दिवस ते आणि मामा नव्यानं पाकिटं भरत बसले होते, मुदत उलटून गेल्यावरही. फक्त त्या गेलेल्या माणसाचं पाकीट भरलं नाही. मला त्या कामाला हात लावू दिला नाही. संचालकांना त्यांनी खरी संख्या कळवली, माझं नाव कुठंही घेतलं नाही, आणि वर्ष संपताना विभाग बंद झाला. मी त्याच्या आधीच, त्या बुधवारपासून चार दिवसांत, राजीनामा टेबलावर ठेवून निघून गेले होते. सर तेव्हा जेवायला गेले होते. मी मुद्दामच ती वेळ निवडली होती.

सहा आठवड्यांनी माझ्या पत्त्यावर पाकीट आलं. आत मेथीची पुडी, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, आणि एका कागदावर चार प्रश्न:

'१. आपण राहता तिथे सकाळी ऊन येते का?
२. तिथून पोस्टाची पेटी किती लांब आहे? (अंदाजे)
३. आपण ते फॉर्म का भरलेत?
४. आणखी काही सांगायचे असल्यास.'

खाली सही, बोटानं फरपटलेली. दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, 'नसल्यास अजून वेळ गेलेली नाही.' तीन आठवड्यांनी पुन्हा सगळा संच. त्यानंतर काही नाही. माझ्यासाठीसुद्धा त्यांनी नियम मोडला नाही.

मी सध्या खराडीला एका कंपनीत आहे. आम्ही गिऱ्हाइकांना मेसेज पाठवतो, तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या. एक बटण दाबलं की पुण्यापासून पाटण्यापर्यंत सगळ्यांना जातो. कुणी तारे दिले की पडद्यावर आकडा हलतो. कुणी उठून उभं राहत नाही. मी एकटीच राहते, घरी गेल्यावर मोबाईल वाजतो तो असल्याच मेसेजनं, बहुतेक आमच्याच कंपनीच्या. कोरोनाच्या दिवसांत चार भिंतींत बसून असताना कितीदा तो पिवळा कागद काढला आणि तिसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबले. काय लिहायचं हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच लिहवत नव्हतं.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डात भाजी घेताना मामा भेटले. आता निवृत्त, गुडघे धरलेले, पण आवाज तसाच.

"तुमी कुटं गायब झालाव?"

मी सरांची चौकशी केली.

"हायत की. बिबवेवाडीलाच हायत. एकलेच." मामांनी पिशवी खाली ठेवली. "म्या जातो कवाकवा. अवो, लाइटबिल बी आता मोबाइलवर येतंय, त्यांच्या पेटीत काय पडनार? पन रोज अकराला खाली उतरत्यात, कुलूप काडत्यात, आत बगत्यात, परत लावत्यात. दोन जिने हायत. म्या म्हनलं सायेब, कशाला? तर म्हनले, एक उत्तर यायचं हाय."

मी भाजी तिथंच विसरून आले.

त्याच आठवड्यात तो कागद भरला. पहिल्याचं उत्तर, हो, येतं, स्वयंपाकघरात. तिसऱ्याला त्यांनी चार ओळी सोडल्या होत्या. मी लिहिलं: 'त्या गुरुवारी काहीच आलं नव्हतं आणि तरी तुम्ही उठून उभे राहिलात. मला ते बघवलं नाही. उत्तरं यावीत म्हणून भरले नाहीत, तुम्ही पुन्हा तसे उभे राहू नयेत म्हणून भरले.' चौथ्यासाठी सहा ओळी पुरल्या नाहीत, कागदाच्या मागं जावं लागलं. पाकीट बंद केल्यावर लक्षात आलं की दुसरा प्रश्न राहूनच गेला. माझ्या घरापासून पोस्टाची पेटी किती लांब आहे हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

इतक्या वर्षांनी पोस्टात काय टाकायचं, स्वतःच जाऊन द्यावं, असं मला वाटलं. शनिवारी दुपारी बिबवेवाडीला गेले. त्यांच्या इमारतीच्या तळाशी जिन्याखाली टपालपेट्यांची रांग होती. बहुतेकांची झाकणं लोंबत होती, आत जाहिरातींचे कागद कोंबलेले. एकाच पेटीला पितळी कुलूप होतं.

सरांनी दार उघडलं. खूप वाळले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, पण आश्चर्यही दाखवलं नाही. "या," म्हणाले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा आणि पत्नीचा फोटो. गॅलरीत पाच-सहा कुंड्या, सगळ्यांत मेथी. एका माणसाला कशाला लागते इतकी, असं मनात आलं.

मी पाकीट पुढं केलं. सरांनी पाकिटावरचं आपलंच अक्षर पाहिलं, तिरकं तिकीट पाहिलं. आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"हे पोस्टानं यायला हवं."

मला संताप आला. आठ वर्षं मी हे मनावर वागवलं आणि या माणसाला नियम सुचतायत! "सर, मी समोर उभी आहे! घ्या तरी. नाहीतर तोंडानं सांगते मी का केलं ते."

"सांगू नका," ते घाईनं म्हणाले. इतक्या घाईनं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मग खुर्चीचा आधार घेतला. "अहो, आत्ता घेतलं तर आत्ताच वाचून होईल. आपण चहा घ्याल, निघून जाल. उद्या मी खाली जाऊन काय बघू? टाकलंत तर पोचेपर्यंत मला काहीतरी यायचं असेल."

माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसले असणारच, पण ते मेथीकडे बघत राहिले.

"आज शनिवार आहे सर," मी कसंबसं म्हटलं. "आज टाकलं तर उद्या रविवारभर पेटीत पडून राहील."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "पडू द्या. एक दिवस जास्त."

चहा झाल्यावर मी खाली उतरले. कोपऱ्यावर रिक्षांच्या मागं लाल पेटी होती, सरांच्या घरापासून मोजून एकशे वीस पावलं. पाकीट आत सोडलं, पडल्याचा आवाज ऐकला आणि स्कूटर घ्यायला परत इमारतीपाशी आले. सर दोन जिने उतरून खाली आले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पितळी कुलूप त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं आणि रुमालानं ते आपली पेटी आतून पुसत होते.